हात धुण्याचे पथ्य : सौम्य फेनक द्रव्ये आणि किनारपट्टीवरील त्वचाविकार

त्वचाविकाराचा रुग्ण समोर आला की आपण त्याची नाडी पाहतो, कोष्ठ विचारतो, विरुद्धाशनाचा शोध घेतो. मासे आणि दूध एकत्र घेता काय, हा प्रश्न तर मालवण किनाऱ्यावरील प्रत्येक वैद्य विचारतोच. परंतु ‘हात कशाने धुता?’ हा साधा प्रश्न आपल्यापैकी कितीजण विचारतात? प्रस्तुत लेखकाने तो अनेक वर्षे विचारला नव्हता. एका रुग्णेमुळे तो विचारणे भाग पडले. ती हकीकत प्रथम सांगून नंतर विषयाकडे वळतो.

एक अनुभव आणि दोन चुका

बंदरावर मासे विकणारी, कोळंबी सोलण्याचेही काम करणारी एक मध्यमवयीन स्त्री हातांच्या तक्रारीसाठी आली. तळहात रूक्ष, बोटांच्या पेरांवर खोल भेगा, बोटांच्या बेचक्यांत कंडू व मधूनमधून स्राव. विपादिका व विचर्चिका या दोहोंची लक्षणे मिसळलेली होती. आरोग्यवर्धिनी, महामंजिष्ठादि काढा आणि रात्री लावण्यास शतधौत घृत अशी योजना केली. दोन महिन्यांत हात जवळजवळ स्वच्छ झाले. रुग्णा समाधानी, वैद्यही समाधानी.

ऑगस्ट उजाडला आणि व्याधी पूर्ववत परतला. औषध चालू असतानाच परतला. तेव्हा लक्षात आले की जे दोन महिने मी औषधाच्या खात्यावर जमा केले होते ते जून व जुलै होते. १ जून ते ३१ जुलै या काळात यांत्रिक नौकांची मासेमारी बंद असते. त्या काळात तिचे हात माशांत, बर्फात आणि साबणाच्या पाण्यात फारसे गेलेच नव्हते. यशाचा मोठा वाटा माझ्या काढ्याचा नसून मासेमारी बंदीचा होता. ही माझी पहिली चूक.

दुसरी चूक याहून गंभीर. बाजारी साबण बंद करावा आणि त्याऐवजी ‘नैसर्गिक’ म्हणून रिठ्याच्या दाट पाण्याने हात धुवावेत, असे मी तिला सांगितले. चौथ्या दिवशी ती परत आली ती लाल झालेले, चुरचुरणारे हात घेऊन. भेगा अधिक खोल गेल्या होत्या. ‘वैद्यानू, मलम लावतंय तरी हात फुटतत,’ असे म्हणून तिने पुढे जे सांगितले ते मी आजवर विसरलेलो नाही : ‘पण माशाचो वास जाऊक होयो मा?’

त्या दिवशी प्रथमच मी तिला हात धुण्याची तपशीलवार माहिती विचारली. दिवसातून आठ-दहा वेळा, कपडे धुण्याच्या वडीने, काथ्याने घासून ती हात धूत असे. रिठा सुरू केल्यावरही घासणे तेवढेच राहिले होते. म्हणजे आम्ही रात्री एकदा स्नेहन करीत होतो आणि रुग्णा दिवसभर दहा वेळा रूक्षण करीत होती. निदानपरिवर्जन हे चिकित्सेचे पहिले सूत्र आपण सर्वजण शिकलो आहोत, परंतु निदान कोणते हेच मी पाहिले नव्हते.

फेनक द्रव्य त्वचेवर काय करते

साबण, डिटर्जंट, रिठा, शिकेकाई या सर्वांचे कार्य एकाच तत्त्वावर चालते. यांतील कार्यकारी रेणूला दोन टोके असतात. एक टोक पाण्याकडे ओढ घेते, दुसरे स्नेहाकडे. स्नेहाकडील टोके तेलकट मळात रुततात, पाण्याकडील टोके बाहेर राहतात, असे असंख्य रेणू मळाच्या कणाभोवती गोळा होऊन त्यास पाण्याबरोबर वाहून नेतात. अशा द्रव्यांना रसायनशास्त्रात सर्फॅक्टंट म्हणतात. आपल्या भाषेत त्यांस फेनक द्रव्ये म्हणावयास हरकत नाही. मात्र फेस म्हणजे स्वच्छता नव्हे. अल्प फेस देणारी द्रव्येही मळ उत्तम काढतात.

अडचण अशी की या द्रव्याला बाहेरून लागलेला स्नेह आणि त्वचेचा स्वतःचा स्नेह यांतील भेद कळत नाही. त्वचेच्या सर्वांत वरच्या थरात मृत पेशींच्या विटा आणि त्यांच्यामध्ये सिरामाइड, कोलेस्टेरॉल व मेदाम्ले यांचा गिलावा असतो. तीव्र फेनक द्रव्य हा गिलावा थोडा थोडा विरघळविते. शिवाय ते पेशींतील केराटिन या प्रथिनास चिकटते व ते फुगविते. धुतल्यानंतर पाणी उडून गेले की तोच थर आक्रसतो, ताणतो आणि तडकतो. रुग्ण ज्यास ‘हात ओढल्यासारखे होतात’ म्हणतो ते हेच.

तिसरी गोष्ट सामूची, म्हणजेच पीएचची. निरोगी त्वचेचा पृष्ठभाग किंचित आम्लधर्मी असतो. त्याचा सामू साधारणपणे ५ च्या आसपास राहतो. हाइन्रिख शाडे व आल्फ्रेड मार्किओनिनी या जर्मन वैद्यकांनी १९२८ मध्ये या आम्लधर्मी आवरणाकडे लक्ष वेधले. नेहमीच्या साबणाच्या द्रावणाचा सामू ९ ते १० असतो. निरोगी त्वचा काही तासांत आपली आम्लता परत मिळविते. दिवसातून दहा वेळा धुतल्या जाणाऱ्या हातांना तो अवकाशच मिळत नाही. २०२० च्या महामारीत वारंवार हात धुण्यामुळे रूक्षता व कंडू घेऊन आलेले रुग्ण आपण सर्वांनी पाहिले आहेत. मच्छी बाजारातील स्त्रिया ही स्थिती वर्षानुवर्षे सोसत आल्या आहेत.

एकच नारळ, दोन परिणाम

‘नारळाच्या तेलापासून बनविलेले’ अशी अक्षरे हल्ली अनेक वेष्टनांवर दिसतात आणि किनारपट्टीच्या माणसास ती जवळची वाटतात. परंतु उगम एक असला तरी गुण एक असत नाही, हे नारळाच्या उदाहरणावरूनच उत्तम समजते.

खोबरेल तेलात जवळजवळ निम्मा वाटा लॉरिक आम्लाचा असतो. या तेलापासून दाहक सोड्याने बनविलेला साधा साबण खाऱ्या पाण्यातही फेस देतो. म्हणूनच खलाशांसाठीचे साबण खोबरेल तेलाचे असत. उन्हाळ्यात किनाऱ्यालगतच्या ज्या विहिरी मचूळ होतात, तेथे इतर साबण नुसता पांढरा साका धरतात, मात्र खोबरेलाचा साबण चालतो. परंतु लॉरिक आम्लाची आखूड साखळी केराटिनवर अधिक तीव्रतेने कार्य करते. नुसत्या खोबरेलाचा साबण त्यामुळेच त्वचेस लांब साखळीच्या मेदाम्लांच्या साबणाहून अधिक रूक्ष पडतो.

त्याच आखूड साखळीपासून सोडियम लॉरिल सल्फेट बनते. त्वचेची प्रक्षोभक्षमता तपासण्यासाठी त्वचारोगतज्ज्ञ प्रमाणित प्रक्षोभक म्हणून जे द्रव्य वापरतात, ते हेच. आणि त्याच खोबरेलापासून सोडियम कोकॉइल आयसेथायोनेट हे सौम्य द्रव्यही बनते. या द्रव्याची जवळजवळ उदासीन सामूची वडी ‘डव्ह’ या नावाने अमेरिकेत १९५७ मध्ये बाजारात आली. खोबरेलातील मेदयुक्त अल्कोहोल आणि धान्याच्या पिष्टापासून मिळणारे ग्लुकोज यांच्या संयोगाने डेसिल ग्लुकोसाइड, कोको ग्लुकोसाइड ही द्रव्ये तयार होतात. १९९० च्या दशकापासून त्यांचे मोठ्या प्रमाणावर उत्पादन होऊ लागले. त्यांच्यावर विद्युत्भार नसल्याने ती प्रथिनास फारशी चिकटत नाहीत, आणि कठीण पाण्यातही साका धरीत नाहीत.

सौम्यतेचे आणखी एक साधन म्हणजे मिश्रण. द्रावणातील सुटे रेणू त्वचेत शिरून अपाय करतात, तर एकत्र येऊन गोळे झालेले रेणू तितकेसे शिरत नाहीत. सल्फेटसोबत कोकामिडोप्रोपिल बीटेनसारखे उभयधर्मी द्रव्य मिसळले म्हणजे असे मोठे गोळे सहज बनतात व सुट्या रेणूंचे प्रमाण घटते. म्हणून एखाद्या वेष्टनावर सल्फेटचे नाव दिसताच ते त्याज्य ठरविणे योग्य नाही. सोबत काय आहे आणि किती आहे हेही पाहावे लागते.

रिठा, शिकेकाई आणि आपला अभिमान

सौम्य फेनक द्रव्ये आमच्याकडे पूर्वापार आहेत, असे आपण अभिमानाने सांगतो. ते खरेही आहे. रिठ्याला ‘फेनिल’ हे नाव आहे. चरकाचार्यांनी कल्पस्थानात सप्तलेस ‘बहुफेनरसा’ म्हटले आहे, आणि अनेक अभ्यासक सप्तला म्हणजे शिकेकाई मानतात, जरी त्याविषयी मतभेद आहेत. या फळांतील सॅपोनिन या घटकाची रचना पाहिली तर आश्चर्य वाटते. एका टोकाला शर्करेचे रेणू, दुसऱ्या टोकाला स्नेहप्रिय भाग. आधुनिक ग्लुकोसाइडची रचना याच धर्तीची आहे. शिवाय रिठा व शिकेकाई यांची द्रावणे साबणाप्रमाणे क्षारधर्मी नसून किंचित आम्लधर्मी असतात.

परंतु येथेच थांबलो तर आपण माझीच चूक पुन्हा करू. सॅपोनिन पेशींच्या आवरणातील कोलेस्टेरॉलशी संयोग पावते आणि रक्तपेशी फोडू शकते. कोळंबी संवर्धनाच्या तळ्यांत बीज सोडण्यापूर्वी नको असलेले मासे मारण्यासाठी मोहाची पेंड टाकतात, हे किनाऱ्यावरील अनेकांस ठाऊक आहे. त्या पेंडीतील मारक घटक सॅपोनिनच होय. ते माशाच्या कल्ल्यांतून रक्तात शिरते. अखंड त्वचा हे मोठे कवच आहे, म्हणून रिठ्याने केस धुताना आपणांस अपाय होत नाही. मात्र तेच पाणी डोळ्यांत गेले की काय होते याचा अनुभव प्रत्येकाने लहानपणी घेतलेला असतो. भेगाळलेला हात हे अखंड कवच नव्हे. अशा हातावर रिठ्याचे दाट पाणी आणि वर काथ्याचे घर्षण, ही योजना वैद्याने केली होती, रिठ्याने नव्हे. द्रव्य निर्दोष असते, मात्रा, काल आणि अवस्था चुकतात.

शास्त्रोक्त क्रमाचे महत्त्व

अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील दिनचर्येच्या अध्यायात अभ्यंग, व्यायाम, उद्वर्तन आणि त्यानंतर स्नान असा क्रम आहे. या क्रमात फेनक द्रव्याहून स्नेहाचे स्थान आधी आहे. त्वचेस प्रथम स्नेह मिळतो, नंतर डाळीच्या किंवा वनस्पतींच्या चूर्णाने अतिरिक्त स्नेह व मळ शोषून घेतला जातो आणि शेवटी पाणी. मसूर किंवा हरभऱ्याचे पीठ मुख्यतः शोषणाने स्वच्छ करते. त्याचे फेनकत्व अत्यल्प असते. त्यामुळे स्नानानंतरही त्वचेवर काही स्नेह शिल्लक राहतो. नरकचतुर्दशीच्या पहाटे आपल्याकडे तेल आणि उटणे लावून जे स्नान होते, त्यात हा क्रम आजही जिवंत आहे. वर्षाचे उरलेले दिवस मात्र आपण स्नेह वगळला आणि क्षालन तेवढे ठेवले.

कढत पाण्याचाही येथे विचार हवा. उष्णोदकाने शिरःस्नान करू नये, कारण ते केस व नेत्र यांच्या बलाचा ऱ्हास करते, असे त्याच अध्यायात सांगितले आहे. रूक्ष त्वचेच्या रुग्णास संपूर्ण शरीरासाठीच कोमट पाणी सुचवावे. कढत पाण्यात फेनक द्रव्य त्वचेत अधिक शिरते आणि स्नेहही अधिक विरघळतो.

औषधालयाच्या फळीवर

आता औषधालयांच्या चालकांसाठी काही व्यावहारिक मुद्दे. ग्राहक ‘चांगला, सौम्य साबण द्या’ म्हणतो, तेव्हा त्यास काय द्यावे?

पहिला मुद्दा टीएफएमचा, म्हणजे एकूण मेदद्रव्याच्या प्रमाणाचा. भारतीय मानक २८८८ नुसार स्नानाच्या साबणाच्या तीन प्रती आहेत व त्यांस अनुक्रमे किमान ७६, ७० व ६० टक्के टीएफएम लागते. पहिल्या प्रतीचा साबण म्हणजे सौम्य साबण अशी अनेकांची समजूत आहे. हा आकडा वडीत खरा साबण किती व भरताड किती हे सांगतो. पहिल्या प्रतीचा साबणही क्षारधर्मीच असतो. उलट आयसेथायोनेटसारख्या द्रव्यांची वडी मुळात साबणच नसल्याने तिला ही फूटपट्टी लागू पडत नाही आणि ती ‘बेदिंग बार’ म्हणून विकली जाऊ शकते. ‘बेदिंग बार’ हा शब्द मात्र हलक्या वड्यांवरही असतो. म्हणून नाव न पाहता घटकांची यादी पाहावी.

दुसरा मुद्दा यादी वाचण्याचा. घटक साधारणपणे प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने छापलेले असतात. आरंभी सोडियम पामेट, सोडियम पाम कर्नेलेट, सोडियम कोकोएट अशी नावे असल्यास तो नेहमीचा साबण समजावा. आरंभी कोकॉइल आयसेथायोनेट किंवा ग्लुकोसाइड असल्यास ते सौम्य वर्गातील होय. कोरफड, हळद, चंदन, निंब ही नावे यादीच्या अगदी शेवटी असतील, तर वेष्टनावरील चित्र कितीही मोठे असले तरी त्वचेशी गाठ पडणार आहे ती पहिल्या दोन-तीन घटकांचीच.

तिसरा मुद्दा, सामू दर्शविणाऱ्या कागदी पट्ट्या. वैज्ञानिक साहित्याच्या दुकानांत त्या अल्प किमतीत मिळतात. साबणाचा लहानसा तुकडा स्वच्छ पाण्यात विरघळवून पट्टी बुडवावी. ग्राहकासमोर केलेली ही दोन मिनिटांची कसोटी जाहिरातीपेक्षा अधिक बोलते.

चौथा मुद्दा, सौम्य म्हणजे सर्वांस निर्धोक असे नव्हे. संपर्कजन्य त्वचाशोथाच्या अभ्यासकांच्या अमेरिकन संघटनेने ‘वर्षातील ॲलर्जीकारक द्रव्य’ म्हणून २००४ मध्ये कोकामिडोप्रोपिल बीटेनची आणि २०१७ मध्ये अल्किल ग्लुकोसाइड वर्गाची निवड केली होती. बहुसंख्य लोकांस ही द्रव्ये मानवतात, परंतु क्वचित एखाद्यास त्यांचेच वावडे असते. सौम्य द्रव्य चालू करूनही कंडू वाढत असेल, तर रुग्णाचा शब्द खोटा न मानता द्रव्य बदलावे. उटण्यातील कचोरा, वाळा, चंदन यांविषयीही हीच दक्षता हवी.

पाचवा मुद्दा, स्वतः उटणे बनविणाऱ्यांसाठी. स्वतःच्या रुग्णांकरिता औषध सिद्ध करणाऱ्या वैद्यास औषधे व सौंदर्यप्रसाधने अधिनियम, १९४० मध्ये उत्पादन परवान्यापासून सूट आहे. तेच चूर्ण पुड्या बांधून शेजारच्या दुकानात विक्रीस ठेवले की ती सूट राहत नाही. शिवाय आपल्या जिल्ह्याच्या पावसाळी हवेत डाळीचे पीठ लवकर दमट होते, त्यास जाळी व बुरशी धरते. उटणे वस्त्रगाळ असावे, घट्ट झाकणाच्या बरणीत भरावे, पावसाळ्यात थोडेथोडेच करावे. रिठ्याचा वा शिकेकाईचा काढा रोज ताजा करावा. तो ठेवून वापरू नये.

त्या रुग्णेचे पुढे काय झाले

तिला मासे सोडून दे असे सांगणे शक्य नव्हते. तो तिचा उदरनिर्वाह होता. म्हणून फक्त धुण्याची रीत बदलली. कामास जाण्यापूर्वी हातांस खोबरेल तेल. काम करताना शक्य तेव्हा आत सुती व वर रबरी हातमोजे. काथ्या पूर्ण बंद. मधल्या वेळी नुसत्या साध्या पाण्याने हात धुणे, आणि दिवसातून दोन-तीन वेळाच सौम्य द्रवरूप क्षालक, तोही तळहातावर पाण्यात पातळ करून. धुतल्यावर बेचक्या टिपून कोरड्या करणे आणि लगेच पुन्हा तेलाचे बोट. रात्री पूर्ववत शतधौत घृत. स्राव होता तोवर कोणतेही चूर्ण लावले नाही.

राहिला वासाचा प्रश्न. माशाचा वास ज्या अमाइन द्रव्यांमुळे येतो, ती क्षारधर्मी असतात. सोड्याच्या वडीने ती निष्प्रभ होत नाहीत, आम्लाने होतात. आमच्या घरांतील स्त्रिया मासे कापल्यावर हातांस लिंबू किंवा आमसूल चोळतात, त्यामागील कारण हेच. मात्र लिंबाचा रस लागलेल्या हातांवर ऊन पडले तर त्वचा भाजल्यासारखी होऊन काळे डाग पडू शकतात, आणि मासेविक्रेतीचे हात दिवसभर उन्हात असतात. म्हणून भेगा भरून आल्यावर, काम संपल्यानंतर, आमसूल भिजविलेले फिकट पाणी हातांवर घेऊन लगेच धुऊन टाकावे असे सांगितले. उघड्या भेगेवर तेही नाही.

त्या वर्षी दिवाळीपर्यंत, ऐन हंगामात, तिच्या भेगा भरल्या. कंडू अधूनमधून होतो. माशांतील प्रथिनांचाही त्यात काही भाग असावा, आणि तो क्षालक बदलून जाणारा नाही. एका रुग्णेवरून सिद्धांत मांडता येत नाही याची मला जाणीव आहे. परंतु औषध तेच, काम तेच, बदलले ते केवळ हात धुणे, एवढे मात्र मी माझ्या नोंदवहीच्या आधारे सांगू शकतो.

तेव्हापासून माझ्या चिकित्सापत्रावर ‘आहार’ व ‘विहार’ यांच्याखाली ‘क्षालन’ अशी एक तिसरी ओळ आली आहे. कशाने, किती वेळा, किती गरम पाण्याने, आणि धुतल्यावर काय लावता, हे चार प्रश्न त्या ओळीत येतात. त्यास दोन मिनिटेही लागत नाहीत. सुज्ञ वैद्यबंधू-भगिनींनी आपल्या पुढील दहा त्वचारुग्णांस हे प्रश्न विचारून पाहावेत आणि उत्तरे लिहून ठेवावीत. औषधालय चालकांनीही मलमाची डबी देताना सोबत साबणाची चौकशी करावी. या नोंदी एकत्र झाल्या तर किनारपट्टीच्या श्रमिकांसाठी क्षालनाचे एक पथ्यपत्रक आपणांस सिद्ध करता येईल, आणि ते मालवणी बोलीतच असावे, एवढीच विनंती.